एकाच मशीनचं दोन तऱ्हेनं बंद पडणं

गेल्या सीझनला जानेवारीत माझी स्किड स्टिअर चिकोडी भागातल्या एका साखर कारखान्यात बगॅस यार्डला लावली होती, तासावर. बगॅस म्हणजे रस काढून उरलेला उसाचा चोथा. आमच्याकडं बेळगाव, संकेश्वर, निपाणी सगळीकडं या छोट्या लोडरला बॉबकॅटच म्हणतात, मग तो कुठल्याका कंपनीचा असेना, माझा त्या कंपनीचा नाही तरी मीपण बॉबकॅटच म्हणतो. सेकंडहँड घेतलेली, ५० एचपीचं चार सिलिंडरचं इंजिन, जुना साधा मेकॅनिकल डिझेल पंप, कॉम्प्युटर वगैरे काही नाही. दोन वर्षं चांगली चालली आणि भर सीझनात, रात्रपाळीला, लोडवर बंद पडायला लागली.

ज्यांनी ही मशीन जवळून बघितली नाही त्यांच्यासाठी एवढं सांगतो की हिला स्टेअरिंग नसतं, गिअरबॉक्स नसतो. दोन हातात दोन लिव्हर. डावीकडच्या दोन चाकांना एक हायड्रॉलिक मोटर, उजवीकडच्या दोनला दुसरी, आत चेन. एक बाजू पुढं एक मागं केली की मशीन जाग्यावर फिरते, चाकं घसटत. आर्म उचलणं, बकेट पालथी करणं हे वेगळ्या गिअर पंपावर. म्हणजे इंजिनाची जवळजवळ सगळी ताकद ऑइलमधूनच बाहेर जाते. त्यामुळं इंजिन मेलं तर ते इंजिनामुळं मेलं का ऑइलमुळं, हे बाहेरून बघून कळत नाही, आणि माझा सगळा घोळ इथंच झाला.

पहिल्या रात्री ऑपरेटरचा अडीच वाजता फोन. मशीन बंद पडली, सेल्फ (स्टार्टर) मारला तर फिरतंय खरं इंजिन धरत नाही. मी कडोलीहून पहाटे निघालो, तिथं पोचेपर्यंत त्यानं फिल्टरवरचा हातपंप मारून मारून चालू केली होती. दिवसभर ठीक. दुसऱ्या दिवशी परत. तिसऱ्या दिवशी कारखान्याजवळचा एक मेकॅनिक आणला, त्यानं डिझेल फिल्टर बदलला, वॉटर सेपरेटर धुतला, एअर काढली, आणि दीड दिवस मशीन एकदम झकास. मी त्याला मनापासून धन्यवाद दिले. मग परत तेच.

त्यात आणखी एक गोष्ट सुरू झाली होती. मशीन गरम असताना बंद पडली की सेल्फ जड फिरायचा, अगदी घ्यॉं घ्यॉं करत. दुसऱ्या मेकॅनिकनं सांगितलं बॅटरी गेली. नवीन घातली. दोन दिवसांनी म्हणाला डिझेल पंप गेलाय, काढा. पंप उतरवला, बेळगावला कॅलिब्रेशनवाल्याकडं नेला, त्यानं टेस्ट बेंचवर चढवला आणि सांगितलं की थोडं सेटिंग इकडंतिकडं होतं ते केलंय, बाकी पंपाला काही नाही. काढणं, नेणं, आणणं, बसवणं, टायमिंग जुळवणं यात चार दिवस गेले आणि कारखान्याच्या यार्ड सुपरवायझरनं तोंडावर सांगितलं, आठवड्यात नीट झाली नाही तर दुसरी मशीन बघतो. त्याचंपण बरोबर होतं, बगॅसचा ढीग कुणासाठी थांबत नाही, बॉयलरला रात्रंदिवस लागतो.

पंप बसवून मशीन चालू केली आणि चाळीस मिनिटांत बंद. त्या दिवशी मी यार्डातच बगॅसच्या गाठोड्यावर बसून राहिलो होतो, काय करावं सुचेना. तेव्हा ऑपरेटर येऊन शेजारी बसला. कन्नड पोरगा, गोकाककडचा, मराठी समजतं खरं बोलताना अडखळतो. तो म्हणाला, सावकार्री, आयिल बिसि आगैति री. ऑइल तापलंय. मी म्हटलं, अरे तापणारच, काम करालीय मशीन. तर तो मान हलवत राहिला आणि मग हातानं दाखवलं. एकदा हात थरथरवत थरथरवत खाली आणला. एकदा मूठ आवळून, दाबून खाली आणली. म्हणजे त्याचं म्हणणं असं की मशीन दोन तऱ्हेनं बंद पडतीय. एक दोन आठवडे मी, दोन मेकॅनिक आणि सुपरवायझर एकाच बिघाडाच्या मागं लागलो होतो आणि जो पोरगा दहा-दहा तास आत बसतोय त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

मग मी स्वतः एक पूर्ण पाळी मशीनमध्ये बसलो, खिशात वही. प्रत्येक वेळी काय झालं ते लिहायचं: वेळ, टाकीत डिझेल किती, धूर कसला, आवाज कसा, सेल्फ कसा फिरला, हातपंप मारावा लागला का. पाच वेळा बंद पडली. तीन वेळा आधी इंजिन भुकेल्यासारखं वरखाली झालं, हुं-हुं-हुं, धूर नाही, मग मेलं, परत चालू करायला हातपंप लागला. दोन वेळा मात्र मी ढिगात बकेट घालून वर उचलत असताना इंजिन दबत दबत गेलं, काळा धूर, आणि गप्प. त्या दोन्ही वेळा सेल्फ जड. हातपंपाची गरज नाही, दहा मिनिटं थांबून सेल्फ मारला की चालू.

डिझेल इंजिनाला स्पार्क नाही, त्याला हवा, डिझेल आणि कॉम्प्रेशन एवढंच पाहिजे, म्हणून ते कसं मरतं याच्यावरून बरंच कळतं. चावी काढल्यासारखं टकदिशी मेलं तर आधी वायरिंग आणि डिझेल बंद करणारं सोलेनॉइड बघायचं. वरखाली होऊन मेलं तर डिझेल कमी पडतंय नाहीतर त्यात हवा येतीय. काळा धूर टाकून दबून मेलं तर लोड जास्त, नाहीतर एअर फिल्टर चोंदलाय. सोलेनॉइडचं खात्रीनं बाद करावं म्हणून मी त्याच्या वायरला एक बारका १२ व्होल्टचा बल्ब जोडून आत समोर लटकवला होता. इंजिन मरताना बल्ब पेटलेलाच राहिला, दोन्ही तऱ्हेत. सीटबारचं स्विच, वायर, फ्यूज सगळं एका फटक्यात बाजूला झालं. एअर फिल्टर तर आम्ही रोज काढतच होतो.

वही घरी येऊन वाचली तेव्हा मला दिसलं की हातपंप मारायला लागलेल्या तिन्ही वेळा टाकी अर्ध्याच्या खाली होती. मागच्या दिवसांचं आठवून बघितलं, तेच. आणि फिल्टर बदलल्यावर दीड दिवस झकास का चालली, तर त्या दिवशी मेकॅनिकनं टाकी फुल करून दिली होती! फिल्टरनं काही झालंच नव्हतं.

तरी अंदाजावर जायचं नाही असं ठरवलं. यार्डाच्या बाहेर मुरमाच्या ढिगाजवळ मशीन नेली (बगॅसजवळ उघडं डिझेल घेऊन असली कामं अजिबात करू नका, हात जोडून सांगतो), वीस लिटरचा कॅन मागच्या दाराखाली टाकीच्या तळाच्या लेव्हलला बांधला आणि फीड पंपाला, म्हणजे टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपाला, नव्या होजनं सरळ कॅनमधून डिझेल दिलं, रिटर्नचा पाईपपण कॅनमध्येच. कॅन वर टांगला तर डिझेल आपोआप उतरतं आणि टेस्ट खोटी ठरते, म्हणून खाली. दोन तास मुरूम उचलला. भुकेनं एकदाही मेली नाही. म्हणजे पंप, नोझल सगळं चांगलं, बिघाड टाकी ते फीड पंप एवढ्याच अंतरात.

मग परत टाकीची लाईन जोडली आणि फीड पंपाच्या अलीकडं वीतभर पारदर्शक पाईप घातला, फक्त बघण्यापुरता, तो डिझेलनं कडक होतो, कायमचा ठेवायचा नाही. टाकीत पाव भाग डिझेल. इंजिन चालू करून रेस दिली आणि टॉर्च मारून बघत बसलो. आधी काही नाही. मग एक बुडबुडा. मग सोड्याच्या बाटलीत येतात तसे बारीक बारीक लाईनीनं. रेस जास्त तर बुडबुडे जास्त. लाईन हातानं चाचपत मागं मागं गेलो, टाकीच्या वर जिथं होज एल्बोला बसते तिथं ती थोडी वाकवली आणि बुडबुड्यांची झुंबड उडाली. क्लिप काढली. क्लिपेच्या बरोबर खाली रबराला नखाएवढी चीर, सरळ धरली की दिसत नाही, वाकवली की तोंड उघडते. बाहेर डिझेलचा एक थेंब नाही, कारण ही ओढणारी बाजू, इथून डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. टाकी भरलेली असेल तर डिझेल वरपर्यंत असतं, ओढ कमी लागते, चीर गप्प बसते. टाकी उतरली की पंपाला जोरात ओढावं लागतं आणि डिझेलच्या जागी हवा. नवी होज आणि दोन चांगल्या क्लिपा, साडेतीनशे रुपये.

त्या रात्री मी शांत झोपलो. दुसऱ्या दिवशी अकराला फोन, दबून मेली, काळा धूर.

आता निदान एकच उरला होता. पण या एकावर मेकॅनिक म्हणत होता ड्राईव्ह पंप, म्हणजे चाकांच्या मोटरना ऑइल देणारा, गेलाय, त्याचा खर्च लाखाच्या वर. मी त्याला म्हटलं, पंप गेला असता तर मशीन ओढणार नाही, चाकं गप्प राहतील, इंजिन कशाला दबंल? पंप झिजला की आतल्या आत ऑइल सुटतं, इंजिनाला उलट हलकं जातं. तो म्हणाला, तसं नसतंय ओ. वाद घालून उपयोग नव्हता. ऑइल कूलर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत बगॅसची गादी बसली होती, ती कूलर पुढं ओढून हवा मारून साफ केली, घमेलंभर निघाली. ऑइल थोडं कमी तापायला लागलं खरं मरायची थांबली नाही.

शेवटी मशीन ट्रकवर चढवून वंटमुरीच्या घाटानं बेळगावात उद्यमबागला आणली. बाहेरच्या लोकांना बेळगाव म्हटलं की कुंदा आठवतो, पण उद्यमबागेत हायड्रॉलिकचे पंप, वॉल्व्ह, पॉवर पॅक बनवणारे कारखाने आणि फाउंड्र्या आहेत, आणि त्यात आयुष्य घालवलेली माणसं गल्लीगल्लीत सापडतात. तसलेच एक काका, रिटायर होऊन घरच्या शेडमध्ये दुरुस्ती करतात. त्यांनी मशीनला हात लावायच्या आधी मला विचारलं, मोकळी उभी असताना शिट्टी मारतीय काय रे ही? मी म्हटलं हो, बारीक चिर्र आवाज येतो, बेल्टचा आहे, पाणी टाकून बघितलं खरं जात नाही. काका म्हणाले, बेल्ट न्हवं बाबा, रिलीफ रडालाय. रिलीफ म्हणजे दाब फार वाढला की ऑइल टाकीत सोडून देणारा वॉल्व्ह.

त्यांनी गिअर पंपाच्या लाईनला दाब मोजायचं गेज लावलं. मला आणि ऑपरेटरला दोघांनाही हात लिव्हरवरून काढायला सांगितले. आर्म खाली, बकेट जमिनीला, काही हलत नाही. अशा वेळी ऑइल नुसतं फिरून टाकीत परत जातं, गेजवर दहा-पंधरा बार दिसायला पाहिजेत. काटा १८५ वर.

काकांनी खडू घेतला आणि शेडच्या पत्र्यावर हिशोब मांडला. या पंपाचं ऑइल मिनिटाला ६० लिटर. लिटर गुणिले बार भागिले ६०० म्हणजे किलोवॅट. ६० गुणिले १८५ भागिले ६००, साडेअठरा किलोवॅट, म्हणजे २५ एचपी. तुझं इंजिन किती? ५०. अर्धं इंजिन नुसतं उभं राहून ऑइल तापवालंय, मग उरलेल्या अर्ध्यात तू ढिगात घुसणार, उचलणार आणि वर म्हणणार दबतंय का. मी त्या पत्र्याचा फोटो काढून ठेवलाय. सेल्फ जड का होता तेपण त्याच हिशोबात होतं, चालू करतानाच पंपाला दाबाच्या विरुद्ध फिरावं लागत होतं. नवी बॅटरी उगाच घेतली.

मग हा दाब येतो कुठून. स्पूल म्हणजे वॉल्व्हच्या आत सरकून ऑइलची वाट बदलणारा दांडा, तो मधोमध असला की ऑइल मोकळं फिरतं. लिफ्टचा स्पूल बघितला, मधोमध. बकेटचा, मधोमध. तिसरा स्पूल ऑक्झिलरीचा, म्हणजे ब्रेकर, झाडू असलं काही पुढं जोडलं तर त्याला ऑइल द्यायचा. बगॅसच्या कामात आम्ही तो वापरतच नाही, कपलिंगला प्लास्टिकच्या टोप्या लावून ठेवल्यात, म्हणून त्याच्याकडं कुणाचं लक्ष नाही. तो चालतो उजव्या पायाच्या पेडलवर. काका म्हणाले फ्लोअर प्लेट काढा.

इथं एक सांगतो. केबिन उचलायची होती आणि आर्म वर घेतले होते, त्यांचा लॉक अजून लावला नव्हता, आणि आमचा ऑपरेटर पोरगा पाना उचलायला आर्मखाली वाकला. मी एवढ्या जोरात ओरडलो की शेजारच्या वर्कशॉपची माणसं बाहेर आली. आर्म वर असताना लॉक, म्हणजे तो लोखंडी स्टॉपर, बसवल्याशिवाय कुणीही खाली जायचं नाही, इंजिन बंद असलं तरी नाही, एक होज फुटली की तो आर्म थांबत नाही. तसंच ऑइलचं बारीक लिकेज हातानं चाचपायचं नाही. शंभर-दोनशे बारचं ऑइल सुईसारखं कातडीत घुसतं, वरून टोचल्याएवढंच दिसतं आणि आत हात सडतो, असं झालं तर दुखत नसलं तरी सरळ मोठ्या दवाखान्यात जायचं. पुठ्ठा फिरवून बघा, पुठ्ठ्यावर ओलं कुठं होतंय ते कळतं.

प्लेट काढली. खाली पेडलच्या लिंकेजभोवती बगॅस, ऑइल आणि बुटाची माती मिळून काळी लादी बसली होती. शेणकुटासारखी घट्ट, वरून बुटाचा ठसा, आत उसाच्या चोयट्यांचे धागे दिसत होते, वास अजून थोडा आंबूस-गोड. काकांनी स्क्रू ड्रायव्हरनं टोकरली तर तुकडा पडताना खण आवाज आला. त्या लादीनं पेडल एका बाजूला दाबून धरलं होतं, स्पूल मधोमध यायला तीन-चार मिलिमीटर कमी. तीन-चार मिलिमीटर! पुढं कपलिंगला काही जोडलेलं नाही, त्यामुळं ऑइलला जायला वाट नाही, ते रिलीफ वॉल्व्हवरून जोर करून टाकीत परत, तापत, शिट्टी मारत. इंजिन चालूच होतं, मी खाली वाकून पेडल हातानं मागं ढकललं आणि काकांनी वरून सांगितलं, बघ. काटा १८५ वरून सरसर खाली येऊन १२ वर थांबला, शिट्टी बंद, आणि इंजिनाचा आवाज असा मोकळा झाला की डोक्यावरचं ओझं उतरवलेल्या माणसानं श्वास सोडावा तसा. मला भरून आलं, खरंच सांगतो.

कधी मरायची कधी नाही याचंपण उत्तर तिथंच होतं. सकाळी पाण्यानं धुतली की लादी मऊ, पेडल थोडं सरकायचं, मशीन चांगली. दिवसभरात परत बगॅस पडून, वाळून, बुटानं दाबून तीच अवस्था. आणि अर्ध्या टाकीला डिझेलचा बिघाड त्यात मिसळलेला, त्यामुळं आज एक दुरुस्ती केली की उद्या दुसरा बिघाड पुढं यायचा आणि आपण म्हणायचं दुरुस्ती फेल गेली.

काकांनी सगळी पोकळी डिझेल-ब्रशनं धुऊन घेतली, लिंकेजच्या पिना काढून ग्रीस केल्या, स्पूलची स्प्रिंग तपासली, ती चांगली होती. तापून तापून ऑइल पातळ आणि काळपट झालं होतं, ते फिल्टरसकट बदलायला लावलं, कंपनीच्या पुस्तकात जे लिहिलंय तेच ग्रेड, दुकानदार देईल ते नाही. मजुरी त्यांनी जी सांगितली ती ऐकून मी जास्त द्यायला गेलो तर घेईनात, गेज मात्र एक विकत घे म्हणाले. घेतलं.

मशीन परत यार्डला गेली तेव्हा फेब्रुवारीचा दुसरा आठवडा होता. पहिल्या रात्री मी घरी न येता तिथंच थांबलो. मुद्दाम टाकी अर्ध्याच्या खाली ठेवून चालवायला लावली. बारा ते सहा, एकदाही मेली नाही, चहाला थांबवल्यावर सेल्फ अर्ध्या फेऱ्यात धरला. सुपरवायझर पहाटे येऊन बघून गेला, काही बोलला नाही, दुसऱ्या दिवशीच्या पाळीचा कागद सही करून दिला. मार्चमध्ये गाळप संपेपर्यंत तिथंच होती.

आता पाळी संपली की ऑपरेटर फ्लोअर प्लेट काढतो, इंजिन खोली आणि कूलरची फट हवेनं साफ करतो, एक्झॉस्टजवळ बगॅस साठला तर पेट घ्यायला वेळ लागत नाही म्हणून ते तर दोनदा. त्याचा अर्धा तास मी पगारात धरतो. पेडलला आम्ही खाली एक लोखंडी पट्टी लावून लॉक केलंय, ब्रेकर जोडायचा असेल तेव्हाच काढायची. एवढं सगळं होऊन आर्म मात्र रात्रभर वर ठेवला की सकाळी चार बोटं खाली आलेला असतो. काका म्हणतात डाव्या सिलिंडरचं सील आहे, पण सिलिंडर उघडायच्या आधी गेज लावून बघूया.